रुपया पडू द्यायचा की सावरायचा?

महापे-रबाळेतल्या निर्यातदारांशी बोललं की एक मागणी हमखास ऐकू येते: इतर देश चलन स्वस्त करतात, मग आपणही रुपया पडू द्यावा. न्हावा शेवाहून जाणारा माल परदेशात स्वस्त पडेल, ऑर्डरी वाढतील. हिशेब बरोबर आहे, पण समोरचा गप्प बसला तरच.

1931 मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक, म्हणजे चलनाची सोन्याशी ठरावीक दराने घातलेली सांगड, सोडलं आणि पौंड घसरला. 1934 मध्ये अमेरिकेने सोन्याचा भाव औंसाला 20.67 वरून 35 डॉलरवर नेला, म्हणजेच डॉलर स्वस्त केला. 1936 मध्ये फ्रान्सनेही हात टेकले आणि आपलं चलन उतरवलं. त्या देशांना व्याजदर उतरवायला मोकळीक मिळाली, हे मान्य. पण एकाने मिळवलेली बाजारपेठ पुढच्याने हिरावली, त्यात आयातकर आणि कोटे आले, व्यापार आटला.

शिवाय आपलं 80 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, खाद्यतेलही निम्म्याहून अधिक. रुपया घसरला की वाशीच्या एपीएमसीत बदाम महागतो, ट्रकचं डिझेल महागतं, आणि त्याच निर्यातदाराचं आयात रसायनही.

सावरणं फुकट नाही. रिझर्व्ह बँकेला गंगाजळीतले डॉलर विकावे लागतात आणि रुपया उगाच चढा ठेवला तर निर्यात मार खाते. म्हणून ठरावीक आकड्याला चिकटून न राहता फक्त धक्के शोषणं मला योग्य वाटतं. चलन खाली आणायचंच तर 1985 सारखं: तेव्हा पाच देशांनी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र बसून डॉलर उतरवायचं ठरवलं होतं.