फुल बॉडी हार्नेस : घ्याच, पण हुक कुठं अडकवता ते बघा

उद्यमनगरात मिळणारा आयएस ३५२१ (भारतीय मानक) छापाचा हा अंगभर बांधायचा, पडताना अडवणारा पट्टा पत्रे बसवणाऱ्यांनी घ्यावाच. नुसत्या कमरपट्ट्यात सगळा झटका पोटावर, मणक्यावर बसतो. यात तो मांड्या-खांद्यांवर वाटला जातो. शिवण घट्ट, बकल सरकत नाही. मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ नाही.

गणित मात्र पक्कं ठेवा. पट्ट्यापासून हुकापर्यंतची दोरी १.८ मीटर, झटका शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उघडून जवळपास तेवढाच, शिवाय माणसाची उंची आणि मीटरभर राखीव जागा. पायाशी हुक अडकवला तर खाली सहा-साडेसहा मीटर मोकळे हवेत. पहिल्या स्लॅबवरून माणूस जमिनीवरच आदळणार. हुक डोक्यावरच हवा. लटकलेल्याला मिनिटांत उतरवा, पायांत रक्त साठतं. झटका खाल्लेला पट्टा पुन्हा वापरू नका, कापून फेकून द्या.

माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, हे फार खटकतं. पत्र्यावर चढणाऱ्या गड्यानं ते वाचायचं कसं?