व्यायाम पहाटे की संध्याकाळी: कोणाला काय झेपतं?

व्यायाम करायचा तो पहाटेच, हा आपल्याकडे जवळजवळ संस्कारच झाला आहे. शाळेतले सूर्यनमस्कार सकाळी, तालमीतली मेहनत पहाटे, आणि आजोबा साडेपाचला कानटोपी चढवून फिरायला. मग रात्री आठला जिमची बॅग घेऊन निघणाऱ्याला आपण जरा कमी शिस्तीचे आहोत असं उगाच वाटत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यात आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. तो किती वाजता करायचा, यावर त्यात अवाक्षर नाही. तरी पहाट आणि संध्याकाळ यांत फरक आहेच, आणि तो कोणासाठी किती, हे बघण्यासारखं आहे.

नुसत्या शरीराला विचारलं तर

संध्याकाळ जिंकते. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यांत खाली असतं आणि दुपारी चार ते संध्याकाळी सातच्या दरम्यान सगळ्यांत वर. फरक अर्ध्या ते एक अंशाचाच, पण तेवढ्याने स्नायू सैल होतात आणि सांधे कुरकुर कमी करतात. वजन उचलणं, उडी, छोटी वेगाची धाव यांत बहुतेकांची कामगिरी दुपारनंतर काही टक्क्यांनी चांगली भरते. पहाटे नेहमीचंच वजन जड वाटतं, ते निव्वळ आळसामुळे नव्हे.

पाठीचं प्रकरण जास्त महत्त्वाचं. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. अशा फुगलेल्या गाद्यांवर वाकताना ताण जास्त येतो. ज्यांची कंबर आधीच धरलेली आहे त्यांनी उठल्यानंतरचा पहिला तासभर पश्चिमोत्तानासन, पोटाच्या उठाबशा, डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरचं वजन उचलणं) यांच्या वाटेला जाऊ नये. सूर्यनमस्कारही उठल्याउठल्या नकोत. आधी चहा, आवराआवर, थोडं चालणं, मग नमस्कार.

हृदयाचं म्हणाल तर झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात तुलनेने जास्त येतात, कारण जाग आल्यावर रक्तदाब चढतो. याचा अर्थ सकाळी चालणं धोक्याचं, असा मुळीच नाही. पण पाच वर्षं खुर्ची न सोडलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाने एक जानेवारीच्या थंडीत एकदम धावत सुटू नये. बीपी असेल तर पहिली दहा मिनिटं रमतगमतच काढावीत.

घराला विचारलं तर

इथे निकाल फिरतो. संध्याकाळचा व्यायाम बुडवायला कारण शोधावं लागत नाही, ते आपणहून चालत येतं. सहाची मीटिंग पावणेसातला संपते, लोकल लेट असते, दारात पाहुणे असतात, मुलाची उद्या गणिताची परीक्षा असते. पहाटे साडेपाचला तुम्हाला कोणीही फोन करत नाही. ज्याला नुसतं चालायचं किंवा हलकं धावायचं आहे, वजनांचे आकडे वाढवायचे नाहीत, त्याला मी सकाळच सांगेन. शरीराला ती जास्त मानवते म्हणून नव्हे, तर ती बुडत नाही म्हणून.

पण ‘पहाट मोकळी असते’ हे वाक्य बहुधा पुरुषांच्या तोंडी असतं. साडेपाचला कुकर लावायचा, सहाला नळाला पाणी येतं म्हणून मोटर सुरू करायची, एकीकडे पोळ्या, दुसरीकडे दोन डब्यांची भाजी, सात वाजता शाळेची व्हॅन. या बाईने चारला उठून फिरायला जावं असं सांगणाऱ्याने आधी एक आठवडा तो डबा करून बघावा. तिच्यासाठी घर रिकामं झाल्यावरची साडेनऊची वेळ उत्तम. नोकरी असेल तर ऑफिसमधल्या जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं आणि शनिवार-रविवारचे दोन मोठे व्यायाम, हेही चालतं. आणि अंधारात रस्त्यावर दिवे नसतील, कोपऱ्यावर कुत्र्यांची टोळी बसलेली असेल, तर साडेपाचचा हट्ट कशाला?

यात झोप कापायची नाही, ही माझी एकच अट. बाराला झोपून पाचला उठणाऱ्याने अलार्म बंद करावा. प्रौढ माणसाला सात तास तरी लागतात, आणि ते मोडून केलेल्या व्यायामातून हाती फारसं लागत नाही. कोल्हापूरचा पैलवान भल्या पहाटे उठतो हे सगळे सांगतात. तो दुपारी खुराक घेऊन गाढ झोपतो, हे कोणी सांगत नाही.

रात्री व्यायाम केला की झोप उडते, ही भीती मात्र बरीचशी फुकाची आहे. या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासून २०१९ साली निघालेला निष्कर्ष असा की संध्याकाळच्या व्यायामाने झोप सहसा बिघडत नाही. अपवाद झोपेच्या आधीच्या तासाभरात केलेल्या दमछाकीचा. नऊला जिममधून सुटून साडेअकराला आडवं होणाऱ्याने काळजी करू नये. त्याची खरी अडचण वेगळीच आहे: साडेसातला जिममध्ये स्क्वॉटच्या रॅकसमोर चौघं उभी, बेंचवर आधीच्याचा घाम, आणि एक जण त्याच बेंचवर बसून रील बघतोय. दुपारी तीनला तीच जिम ओस पडलेली असते. वेळ हाताशी असेल तर तेव्हा जावं.

उपाशीपोटी व्यायाम केला की चरबी जास्त जळते, हे त्या तासापुरतं खरं. एकूण खाणं तेवढंच असेल तर महिन्याअखेरीस वजनकाट्यावर फरक दिसत नाही. उपाशी जमत असेल तर जावं, गरगरत असेल तर केळं खाऊन जावं.

हवा

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात तळजाईवर किंवा मुंबईत शिवाजी पार्कवर पहाटे जे पांढरट पसरलेलं दिसतं, ते सगळं धुकं नसतं. थंड हवा जमिनीलगत अडकते आणि तिच्याबरोबर गाड्यांचा, शेकोट्यांचा, पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर. ऊन वर आलं की ही झाकण घातलेली हवा हलायला लागते. दमा असणाऱ्यांनी हिवाळ्यात सरळ नऊनंतर निघावं, किंवा आदल्या रात्री ‘समीर’ अ‍ॅपवर हवेचा निर्देशांक कसा चालला आहे ते बघून ठरवावं. विदर्भात उन्हाळ्यात मात्र चर्चेला जागाच नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि संध्याकाळी सातलाही डांबरातून वाफा येत असतात. तिथे पहाटच.

शुगर असेल तर

इथे तिसराच पर्याय बाजी मारतो: जेवणानंतर. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठाने टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर केलेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. दिवसातून एकदा, कधीही, ३० मिनिटं चालण्याऐवजी तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपली शतपावली. फक्त ती गॅलरीत चार फेऱ्या मारून न उरकता दहा मिनिटं व्हायला हवी. आपल्याकडे रात्रीचं जेवण भात-पोळीचं आणि त्यावर लगेच टीव्हीसमोर बैठक, त्यामुळे फायदा जास्त.

दमछाक करणाऱ्या व्यायामाबद्दल स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचा एक छोटा अभ्यास आहे. टाइप २ मधुमेहाच्या पुरुषांत तोच जोरकस व्यायाम दुपारी केल्यावर साखर उतरली, सकाळी केल्यावर उलट चढली. पुरुष फक्त ११ होते, तेव्हा त्यावर आयुष्य बेतू नये. पण सकाळी जोरात सायकल मारून आल्यावर मीटरवर आकडा वाढलेला दिसला तर घाबरून जायचं कारण नाही, एवढं त्यातून घ्यावं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर मात्र उपाशीपोटी मोठा व्यायाम नको. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या हव्यात, आणि वेळ बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलणं हवं. संध्याकाळी जास्त व्यायाम झाला तर साखर रात्री झोपेतही उतरू शकते.

शर्यत लावली असेल तर

मुंबई मॅरेथॉन अंधारातच सुटते, साताऱ्याची हिल मॅरेथॉनही सकाळचीच. शरीर ज्या वेळेला सराव करतं त्या वेळेला ते शिकतं; नियमित सकाळी धावणाऱ्यांत संध्याकाळच्या मानाने असलेली तूट बरीच भरून निघते. एरवी कधीही धावा, पण शेवटचे काही आठवडे लांब धाव पहाटेच ठेवा. पोटाचं वेळापत्रकही त्यातच बसतं, आणि ते का महत्त्वाचं हे धावणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

चाकण-भोसरीच्या फिरत्या पाळ्यांत काम करणाऱ्यांना यातलं सकाळ-संध्याकाळ काहीच लागू पडत नाही. त्यांनी घड्याळ सोडून झोपेशी गाठ बांधावी: झोप पूर्ण करून उठल्यावर तास-दोन तासांनी व्यायाम, मग ते दुपारचे तीन असोत. रात्रपाळी संपवून सकाळी सातला तडक जिमला जाऊ नये. आधी झोप काढावी. पाळी बदलण्याच्या दिवशी व्यायामाला सुट्टी दिली तरी चालेल.