जुन्या ठाण्याचा हेरिटेज वॉक: जरूर करा, पण पुढे उभे राहा

ठाण्यातच राहून ठाणं बघायला 500 रुपये मोजले म्हणून घरी भरपूर ऐकून घेतलं, पण मी चार स्टार देतेय. ग्रुपचं नाव टाकत नाही, तक्रारी पण आहेत म्हणून.

तलावपाळीवरून सुरुवात, मग कोपिनेश्वर, मग जेलची भिंत. जेल म्हणजे मुळात पोर्तुगीजांनी 1730 ला बांधायला घेतलेला किल्ला, 1737 ला मराठ्यांनी जिंकला, 1910 ला अनंत कान्हेरेंना इथेच फाशी दिली वगैरे. आत काही सोडत नाहीत, सो बाहेरूनच नमस्कार. इथपर्यंत ठीकठाक, ठाणेकराला नवीन काही नाही.

खरे पैसे वसूल झाले ते खारकर आळीत. गाइड आर्किटेक्ट पोरगी आहे, एका जुन्या घरापाशी म्हणते काकू दरवाजा नंतर बघा, आधी खांबाच्या पायाशी बघा. लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो, ओल वर चढून लाकूड कुजू नये म्हणून, आणि इथे दरवेळी रस्त्यावर थरावर थर चढवून तो तळखडा अर्धा काँक्रीटखाली गेलाय, त्यात शेजारच्या टॉवरवाल्यांनी प्लिंथ म्हणजे जोतं उंच घेतलंय म्हणजे पावसाचं सगळं पाणी ह्यांच्या ओसरीत. घराला कुणी हातसुद्धा लावला नाही तरी घर कुजत चाललंय! म्हणून म्हणे नुसती बिल्डिंग हेरिटेज लिस्टमध्ये टाकून भागत नाही, रस्त्याची लेव्हल, शेजारची उंची, झाडं, सगळी आळीच धरावी लागते. इंग्लंडात 1967 च्या कायद्याने असे अख्खे भागच कॉन्झर्व्हेशन एरिया करायला लागले, पहिला स्टॅमफर्ड गाव, तिथे झाड तोडायचं तरी सहा आठवडे आधी कळवावं लागतं. आपल्याकडे मुंबईत 1995 च्या हेरिटेज नियमांत प्रिसिंक्ट, म्हणजे असेच अख्खे जपायचे परिसर आहेत, गिरगावातली खोताची वाडी त्यातलीच, आता तिथेही टॉवर शिरलेच म्हणा.

आता तक्रारी. माणसं खूप घेतात आणि माइक नाही, जांभळी नाक्याच्या गर्दीत मागच्यांना एक शब्द कळला नाही. चेंदणी कोळीवाडा अक्षरशः पळवत दाखवला, का तर वेळ संपला, मग जेलच्या भिंतीपाशी एवढा वेळ कशाला घालवला? आणि एका आजोबांनी मुद्द्याचं विचारलं की दरवर्षी कौलं परतायची, वाळवी लागलेली तुळई बदलायची, हा खर्च कोणी करायचा, तर गाइड ताई टीडीआर टीडीआर (म्हणजे इथे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची सोय) करत पुढे निघाल्या. अहो टीडीआर मालकाला, पागडीवाल्या भाडेकरूने काय करायचं? एक स्टार त्याचाच कापलाय.

पावसाळ्यात घेत असतील तर तेव्हाच जा, पाणी कुठून कुठे शिरतं ते डोळ्यांनी दिसेल. संपल्यावर मामलेदारची मिसळ, ती फीमध्ये नाही.