इतॅकेस्कुसचा तलाव: खडकाच्या पोटातलं पोहणं

हेलसिंकीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना मी हा तलाव हमखास सुचवते. मेट्रोने इतॅकेस्कुसला उतरायचं, थोडं चालायचं आणि जमिनीखाली शिरायचं. १९९३ साली खडक फोडून केलेला हा सार्वजनिक तलाव. पोहायला ५० मीटर लांबी, पोरांसाठी वेगळं उथळ पाणी, व्यायामशाळा, सौना (गरम वाफेची खोली), सगळं खालीच. खिडकी एकही नाही, तरी कोंडल्यासारखं वाटत नाही.

आत जाताना जाडजूड पोलादी दारांकडे नीट बघा. युद्धाची वेळ आलीच तर ७२ तासांच्या आत तलाव रिकामा करून इथे सुमारे ३,८०० माणसांना आसरा देता येतो.

फिनलंडचा संरक्षणखर्च म्हटलं की बातम्यांत ६४ एफ-३५ विमानं आणि २०२३ मधलं नाटोचं सदस्यत्व येतं. पण रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सीमा असलेल्या, जेमतेम ५६ लाख वस्तीच्या या देशाने नुसत्या विमानांवर भिस्त ठेवलेली नाही. पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे आणि युद्धकाळात २,८०,००० सैनिक उभे करायची तयारी आहे. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा प्रोग्रॅमर राखीव सैनिक आहे. बोलावणं आलं की उजळणीच्या प्रशिक्षणाला जातो, परत आला की गुपचूप कामाला लागतो. शिवाय देशभर ५०,००० हून अधिक निवारे. मोठी इमारत बांधायची तर निवारा कायद्यानेच बांधावा लागतो. आमच्या तळघरातल्या निवाऱ्यात सध्या सायकली आहेत. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले होते, ते इथे कोणी विसरलेलं नाही. संरक्षणावर पैसा असाच खर्च व्हावा असं मला मनापासून वाटतं: संकटात जीव वाचेल आणि तोवर पोरं तिथे पोहायला शिकतील. माझी लेक इथेच शिकली.

एक गोष्ट पाहुण्यांना घरीच सांगून ठेवा. तलावात उतरण्याआधी साबणाने अंघोळ करावीच लागते, तीही पोहण्याचा पोशाख न घालता. सौनातही पोशाख चालत नाही. बायकांचा आणि पुरुषांचा विभाग वेगळा असतो. माझ्या सासूबाई आधी फार बिचकल्या. कोणी कोणाकडे बघत नाही हे कळल्यावर मात्र सौनातून उठायला तयार होईनात.

उन्हाळ्यात इथले तलाव देखभालीसाठी बंद ठेवतात, तेव्हा वेळ बघूनच निघा.