रिम ब्रेक की डिस्क ब्रेक : सिंहगडाच्या घाटातील नऊ महिन्यांचा अनुभव

माझ्याकडे दोन माउंटन सायकली आहेत. एक दहा वर्षांची, व्ही-ब्रेकची, म्हणजे रबरी शू चाकाच्या रिमवर दाबणाऱ्या रिम ब्रेकची; दुसरी गेल्या मे महिन्यात घेतलेली, शिमानो कंपनीच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकची, पुढेमागे 160 मिलिमीटरचे रोटर (ब्रेकचे पॅड जिला धरतात ती चाकाच्या मध्यावरची धातूची चकती) असलेली. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत दोन्ही आलटूनपालटून सिंहगडावर नेल्या.

कोरड्या रस्त्यावर लोक सांगतात तेवढा फरक मला जाणवला नाही. ब्रेक शू नीट बसवलेले असतील तर व्ही-ब्रेकही मागचे चाक सहज जाम करतो, आणि टायरची पकड सुटल्यावर ब्रेकच्या ताकदीचा काही उपयोग उरत नाही. खरा फरक पावसातला. गडावरून उतरताना जुन्या सायकलीचा लिव्हर दाबला की शू आधी रिमवरचे पाणी पुसतात आणि चाकाचे दोन-तीन फेरे झाल्यावर ब्रेक लागू लागतो; वळण समोर असताना ते दोन-तीन फेरे फार लांबतात. डिस्कही भिजते, परंतु रोटर रस्त्यावरच्या चिखलापासून दूर असतो आणि पॅड त्याला बरेच जास्त दाबाने धरतात, त्यामुळे पहिल्याच दाबाला सायकलीचा वेग उतरतो. शिवाय खड्ड्यात चाकाला आउट आला, म्हणजे रिम थोडी वाकली, तरी डिस्क ब्रेक घासत नाही.

जुलैअखेरीस जुने शू काढले तेव्हा रबरात ॲल्युमिनियमचे चकचकीत कण रुतलेले दिसले. ते टाचणीने उकरून काढले. तेच कण आणि चिखल रिम खरवडतात आणि त्याचा राखाडी लगदा तारांवरून ओघळतो. पावसाळा संपेपर्यंत मागच्या रिमवरची झीज दाखवणारी खाच सपाट झाली, म्हणजे आता रिमच बदलणे आले. डिस्कच्या बाबतीत पॅड किंवा फार तर रोटर बदलला की भागते, चाक पुन्हा विणावे लागत नाही.

डिस्कचे दुखणे मात्र वेगळे आहे. ऑक्टोबरमध्ये मी साखळीवर तेलाचा फवारा मारला आणि त्याचे तुषार मागच्या रोटरवर गेले. दुसऱ्या दिवशी ब्रेक किंचाळत होता आणि लागत जवळजवळ नव्हता. रोटर स्पिरिटने पुसला, पण तेल प्यायलेले पॅड टाकूनच द्यावे लागले. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून साखळीला थेंबाथेंबानेच तेल घालतो. चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नये, हेही असेच एकदा पिस्टन बाहेर सरकून दोन्ही पॅड एकमेकांना चिकटल्यावर कळले.

केबलवर चालणारी अगदी स्वस्त डिस्क घेण्यापेक्षा चांगला व्ही-ब्रेक बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणात लांबच्या फेरीला जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की तुटलेली केबल गावातल्या साध्या सायकल दुकानातही बदलून मिळते, पण गळणाऱ्या हायड्रॉलिक नळीला तिथे इलाज नसतो.

जुनी सायकल सध्या भाजी आणण्यापुरती वापरतो. नवी रिम अजून आणलेली नाही.