सेबा: ढगात चढायचं की समुद्राकडे उतरायचं?

सेबा हे कॅरिबियनमधलं चिमुकलं डच बेट म्हणजे नुसत्या पायऱ्या. विंडवर्डसाइड गावातून माउंट सीनरीवर जायला १०६४. वर ढगांतलं जंगल: शेवाळलेली खोडं, अळूसारखी पण छत्रीएवढी पानं, निसरडे दगड. माथ्यावर धुकं असलं तर समुद्र दिसत नाही. तरी जंगलासाठी जावंच.

‘द लॅडर’ या दुसऱ्या पायऱ्यांच्या वाटेचं गणित उलटं. द बॉटम गावाखाली खडकात कोरलेल्या सुमारे ८०० पायऱ्या थेट किनाऱ्यावर. बोटींसाठी धक्का नव्हता तेव्हा बेटावरचं सामान, अगदी पियानोसुद्धा, माणसांनी इथून वर वाहिलं. वाटेत जुनं ओसाड जकातघर. उतरताना मजा, दम निघतो परतताना, तोही उन्हात. गुडघ्यांची परीक्षा दोन्हीकडे आहेच. एकच दिवस हाताशी असेल तर मी सीनरी निवडेन, तीही सकाळी लवकर आणि चांगल्या पकडीचे बूट घालून.