नागपूर–मुंबई सकाळचं विमान : डोंबिवलीला जायचं असेल तर

सेवा : नागपूर ते मुंबई, सकाळचं पहिलं विमान. डोंबिवली-कल्याणकरांसाठी पाचपैकी तीन, अंधेरी-पवईवाल्यांसाठी साडेचार.

"आई, दीड तासच तर लागतो," असं लेक फोनवर म्हणते. तिचं चूक नाही, तिकिटावर तसंच छापलेलं असतं. नागपूर-मुंबई सरळ रेषेत साधारण ६९० किलोमीटर, रेल्वेनं ८३७. हवेत खरं तर सव्वा तासच जातो. बाकीचा वेळ खातं ते मुंबईचं विमानतळ. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांग लागली की आपण आकाशात घिरट्या घालत बसतो. थंडीत जाताना वारा समोरून असतो, म्हणून परतीचं विमान थोडं लवकर पोचतं.

मी प्रतापनगरला राहते, सोनेगाव विमानतळ जवळ. तरी सातच्या विमानाला पाचला निघावं लागतं, कारण सामानाचा काउंटर तासभर आधी बंद होतो. मुंबईत उतरून बॅग हातात येईपर्यंत नऊ. मग टी-२ वरून भुयारी मेट्रोनं एकच स्टेशन, मरोळ नाका. तिथे मेट्रो बदलून घाटकोपर, आणि घाटकोपरहून फास्ट लोकल. सकाळी त्या दिशेला गर्दी नसते, बसायला मिळतं. टॅक्सीपेक्षा हेच बरं, गुडघे दुखत असले तरी. घर ते घर सहा तास धरा.

जावईबापू म्हणतात समृद्धीनं या. २०२५ च्या जूनपासून ७०१ किलोमीटरचा रस्ता थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झालाय, आठ तासांत पोचाल. येईन बापा, पण आठ तास गाडीत पाय दुमडून बसणार कोण?

विमानातला उपमा म्हणजे कपात गरम पाणी ओतलेला रवा. घरून पोळी-भाजी न्यावी, तपासणीत कोणी अडवत नाही. मिरचीचं लोणचं मात्र मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत चालत नाही. मोठ्या बॅगेला १५ किलोची मर्यादा आहे. आंबिया बहाराची संत्री नेणाऱ्यांनी घरीच वजन करून निघावं, काउंटरवर बॅग उघडून संत्री काढणं फार लाजिरवाणं दिसतं.

विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी नागपूर सोडते आणि सकाळी कल्याणला उतरवते. वेळ दुप्पट लागतो, पण तो झोपेत जातो, आणि संत्र्यांची पेटी बर्थखाली मावते. तरी नातवाचा वाढदिवस वगैरे असला, एका दिवसात जाऊन यायचं असलं, तर विमानच. फक्त डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं तेव्हा दर बघू नका. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईकडे परतणारे आमदार आणि साहेब लोक सगळ्या सीटा घेऊन बसलेले असतात.